येणे बाकी

शंभर वर्षं चोवीस पानांत बसवायची आहेत.
फोटो मोठे हवेत, मजकूर कमी,
आणि ‘तोटा’ हा शब्द कुठेही नको,
एवढं क्रॅब्ट्रीबाई जाता जाता सांगून गेल्या.
म्हणून मी तळघरात. यॉर्कशरमधलं गूल,
बाहेर ऊझ नदी गढूळ, माझ्या डोक्याच्या वरून वाहणारी,
भिंतींना ओल
आणि वह्यांना त्याच ओलीचा वास.

पहिली वही एकोणीसशे एकोणीसची.
एनोक ओल्डरॉइडनं लष्कराच्या लिलावात
एक मोडकी अँब्युलन्स घेतली,
आतली स्ट्रेचरं काढली, बटाटे भरले.
खर्चाच्या रकान्यात: ‘फळ्या घासायला सोडा’, तीनदा.
चौथ्यांदा नोंद नाही.
डाग गेले असतील,
किंवा बटाट्यांना चाललं असेल.

मग कोळसा, मासळी, बर्फ.
बर्फ नेत होते म्हणून दूध मिळालं,
दूध नासलं नाही म्हणून एके दिवशी इस्पितळानं विचारलं,
रक्त न्याल का?
कुणीतरी एक बाटली न फोडता पोचवली
आणि पुढच्या वार्षिक सभेत साहेबांनी
त्याला ‘दूरदृष्टी’ म्हटलं.

माझे वडील मिरजेत कंपाउंडर होते.
कागदाच्या पुड्या बांधायचे,
गुंजभराचाही फरक पडू द्यायचे नाहीत.
म्हणायचे, औषध कडू असतं ते ठीक,
वेळेवर आलं नाही तर नुसतंच कडू.
त्यांच्या दवाखान्याचा इतिहास कुणी लिहायला सांगितला नाही.

त्रेपन्नचा फेब्रुवारी. समुद्र आत आलेला.
विनिफ्रेड स्टॅनिफोर्थ, गाडी क्रमांक सात,
प्राणवायूची सिलिंडरं घेऊन किनाऱ्याकडे निघाली,
रस्ता कुठे संपतो, शेत कुठे लागतं
हे कुंपणाच्या खुंटांवरून ओळखत.
वहीत इतकंच:
‘पोच दोन तास दहा मिनिटं उशिरा.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला. नऊ शिलिंग.’
सिलिंडरं कुणासाठी होती,
तो माणूस जगला का,
त्याला रकाना नाही.

पुढे वह्या पातळ होत जातात, करार जाड.
‘ओल्डरॉइड अँड सन्स’ची पाटी उतरते
(मुलगे दोन होते, एकाला ट्रकच्या वासानं उलटी व्हायची),
लीड्सचे लोक येतात, मग रॉटरडॅमचे,
मग टोरांटोचा कुठलासा पेन्शन फंड,
ज्यानं गूल नकाशावरही पाहिलं नसेल.
मध्येच अकरा वृद्धाश्रम घेतले, नऊ विकले.
आतली माणसं विकली का, मी शोधलं.
करारात ‘खाटा’ लिहिलंय.

आणि आता हे नवं नाव: केरॉलिस.
जगातल्या कुठल्याही भाषेत त्याचा वाईट अर्थ नाही
हे तपासून घ्यायला अठ्ठावीस हजार पौंड लागले.
मराठीत केर म्हणजे काय, मला कुणी विचारलं नाही.
मीही गप्प.
त्या महिन्याचा पगार वेळेवर झाला होता.

वर गोदामात रात्रपाळी सुरू होते.
इन्शुलिनच्या पेट्यांवर तापमानाचे आकडे उजळतात,
प्रत्येक पेटी कुठे आहे हे दर मिनिटाला कळतं,
सुनील किस्पोट्टा ती कुठे ठेवतो तेही,
तो लघवीला गेला तर तेही.

मी सातवं पान लिहिलं.
फोटोत गाडी सात, चिखल दारापर्यंत,
कडेला एक बाई, टोपी हातात.
खाली ओळ घातली:
‘विनिफ्रेड स्टॅनिफोर्थ, पूर. वेळेवर.’
खोटं होतं. वडिलांच्या तराजूत
हे बसलं नसतं.

क्रॅब्ट्रीबाईंनी ‘वेळेवर’ ठेवलं,
नाव काढलं. जागा कमी पडत होती.

शेवटच्या वहीचं शेवटचं पान कोरं आहे.
कुणी बघत नव्हतं, तिथं पेन्सिलीनं लिहून आले:
स्टॅनिफोर्थ, वि.
नऊ शिलिंग.
येणे बाकी.